पहिला मुद्दा : पाश्चात्त्य शिक्षण



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने 'शाळेचे दिवस' हा विषय सुचवला होता. त्यावर माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत आणि मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरांच्या आठवणी या अंकात भरपूर येतीलच. म्हणून मी आपल्या इतिहासाच्या पेपरात हमखास येणारा एक प्रश्न घेऊन बसलो आहे. 'भारतात राष्ट्रवादाच्या उदयाची कारणे लिहा.' सरांनी फळ्यावर मुद्दे उतरवून दिले होते, ते आजही अनेकांना पाठ असतील. पाश्चात्त्य शिक्षण, वृत्तपत्रे, रेल्वे व तारायंत्र, आर्थिक शोषण, इंग्रजांची उद्दाम वागणूक. मुद्द्याला एक गुण. पहिल्या मुद्द्याखाली एकच ओळ लिहायची : पाश्चात्त्य शिक्षणामुळे भारतीयांना स्वातंत्र्य व समता या कल्पनांची ओळख झाली.

ओळ खरी आहे. पण ती वाचली की वाटते, कोणीतरी पुस्तक उघडले आणि देश जागा झाला. मी सगळी नोकरी महसूल खात्यात केली, इतिहासाचा पदवीधरही नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा या एका ओळीच्या मागे लागलो आणि अडकलो तो पुण्यातल्या काही शाळामास्तरांपाशी. त्यांच्याविषयी लिहायला शाळेच्या स्मरणिकेपेक्षा योग्य जागा कोणती?

सरकारला हवे काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. १८३५ साली मेकॉलेने आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. १८५७ साली, उत्तरेत बंड पेटले त्याच वर्षी, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली. कचेऱ्यांना इंग्रजी जाणणारी माणसे हवी होती आणि ती सरकारशी निष्ठावान निघतील असा हिशेब होता. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. १८६२ साली बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. दोघेही सरकारी नोकरीत गेले, म्हणजे हिशेब बरोबर ठरला म्हणायचा. पण याच पिढीने इंग्रजी ग्रंथ वाचता वाचता त्यांच्यातल्या चुकाही काढायला सुरुवात केली होती.

याचे मला फार आवडणारे उदाहरण म्हणजे नीळकंठ जनार्दन कीर्तने. कॅप्टन ग्रँट डफ याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्याचे मराठी भाषांतर 'मराठ्यांची बखर' या नावाने शाळांतून शिकवले जात होते. म्हणजे शिवाजी महाराजांचा इतिहास मराठी मुले साताऱ्याच्या इंग्रज रेसिडेंटाच्या चष्म्यातून शिकत होती. १८६७-६८ च्या सुमारास कॉलेजात शिकणाऱ्या या कीर्तन्यांनी डफच्या ग्रंथावर सविस्तर टीका लिहिली. अस्सल कागद पाहिल्याशिवाय आपला इतिहास परक्याच्या भरवशावर सोडू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकाला विचारलेला हा प्रश्न पुढे तीस वर्षांत राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांपर्यंत गेला. त्यातला पहिला खंड १८९८ साली निघाला.

विष्णुशास्त्री चिपळूणकर याच वातावरणात वाढले. ते सरकारी शाळेत मास्तर होते. १८७४ पासून 'निबंधमाला' हे मासिक ते जवळजवळ एकट्याने लिहीत होते. इंग्रजी राज्याची, मिशनऱ्यांची आणि इंग्रजांपुढे माना डोलावणाऱ्या आपल्याच लोकांची त्यांनी जी खरडपट्टी काढली, ती सरकारी नोकराने काढणे त्या काळी सोपे नव्हते. पुण्याहून त्यांची बदली रत्नागिरीला झाली. १८७९ साली त्यांनी नोकरी सोडली आणि २ जानेवारी १८८० रोजी बाळ गंगाधर टिळक या तेवीस वर्षांच्या तरुणाला बरोबर घेऊन पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. माधवराव नामजोशी त्यांच्याबरोबर होतेच, लवकरच वामन शिवराम आपटे आले आणि एम. ए. झाल्यावर गोपाळ गणेश आगरकर.

टिळक-आगरकरांना त्या पदव्यांवर सहज बरी सरकारी नोकरी मिळाली असती. घरची गरिबी सोसून शिकलेल्या आगरकरांनी आईला, मुलाच्या मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असे कळवले होते, हे आपण मराठीच्या तासाला ऐकले आहे. पण त्या निर्णयाचा अर्थ तेव्हा आपल्या डोक्यात शिरला नव्हता. स्वतःच्या खर्चाने, सरकारी हुकुमाबाहेरची इंग्रजी शाळा चालवायची, शिकवायचे तेच इंग्रजी, तेच गणित, बसवायचे त्याच मॅट्रिकच्या परीक्षेला, पण शिकवणारा माणूस सरकारचा नोकर नसणार. त्यांच्या दृष्टीने राष्ट्रकार्य ते एवढेच होते. वर्षभरात, जानेवारी १८८१ मध्ये, याच मास्तरांनी 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन पत्रे काढली. दिवसा शाळा, रात्री छापखाना.

आता १८८२ या एका वर्षाकडे जरा थांबून पाहू. मला हे वर्ष सगळ्या प्रश्नाची किल्ली वाटते.

मार्च महिन्यात विष्णुशास्त्री वारले. वय अवघे एकतीस. शाळा दोन वर्षांची. जुलैमध्ये टिळक आणि आगरकर तुरुंगात गेले. कोल्हापूरचे तरुण महाराज आणि त्यांचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या प्रकरणात 'केसरी' व 'मराठा'ने जी पत्रे छापली, ती बनावट निघाली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले आणि आगरकरांनी त्यावर पुढे पुस्तक लिहिले. दोन मास्तर तुरुंगात असलेल्या शाळेत आपली मुले पाठवणाऱ्या पालकांचे मला कौतुक वाटते. शाळा बंद पडली नाही. उलट त्याच वर्षी भारतातील शिक्षणाची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर पुण्यात आले आणि ही शाळा पाहून त्यांनी तिची फार वाखाणणी केली.

त्याच हंटर आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याच्याच एका माणसाने निवेदन दिले. तो माणूस जोतीराव फुले. पुण्यात मुलींची आणि अस्पृश्य मुलांची शाळा त्यांनी आणि सावित्रीबाईंनी तीस वर्षांपूर्वीच काढून दाखवली होती. त्यांच्या निवेदनातला मुद्दा मला महसूल खात्याच्या माणसाला लगेच समजला, कारण तो पैशाचा आहे. शेतकऱ्याकडून साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. सरकारी तिजोरी मुख्यतः शेतकऱ्याच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, असे फुल्यांनी स्पष्ट सांगितले. वरच्यांना शिकवले की विद्या झिरपत खाली जाईल, हे सरकारचे म्हणणे त्यांनी खोडून काढले. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शेतकरी वर्गातूनही तयार करा, मुलांना मोडी-बाळबोध वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल यांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान द्या, अशा मागण्या त्यांनी केल्या.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच शहरात, एकाच आयोगापुढे शिक्षणाच्या दोन कल्पना उभ्या होत्या. एकीत परक्या सत्तेखाली स्वतःच्या पायावर उभे राहणारे सुशिक्षित तरुण घडवायचे होते. दुसरीत आधी ज्याला अक्षर माहीत नाही त्याच्या दारात शाळा न्यायची होती. पहिलीतून राष्ट्रीय चळवळ उभी राहिली, हे पाठ्यपुस्तक सांगते. दुसरीला आपल्या उत्तरपत्रिकेत 'समाजसुधारणा' या वेगळ्या धड्यात ढकलले होते.

मला हे दोन धडे वेगळे वाटत नाहीत. आपला पाचवीचा आणि दहावीचा वर्गफोटो शेजारी ठेवून पाहा. पाचवीच्या फोटोतले बरेच चेहरे दहावीच्या फोटोत नाहीत. कोणी बापाबरोबर ऊसतोडीला गेला, कोणाला गॅरेजवर ठेवले, दोघी-तिघींची लग्ने झाली. या संमेलनाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही त्यांची नावे नाहीत, कारण आपण यादी केली ती दहावीच्या हजेरीपटावरून. शिवाय हा आपला काळ, स्वातंत्र्यानंतरचा. १८८२ साली फुले कोणाबद्दल बोलत होते ते यावरून ताडता येते.

चिपळूणकर आणि फुले यांचे अजिबात पटत नव्हते. 'निबंधमाले'त फुल्यांच्या ग्रंथांची आणि सत्यशोधक समाजाची यथेच्छ टवाळी आहे. आज वाचताना ती बोचते. विष्णुशास्त्र्यांची भाषा मला कितीही आवडत असली तरी त्या पानांवर त्यांची बुद्धी जातीच्या कुंपणाबाहेर गेली नाही, असेच म्हणावे लागते. पण त्या काळची माणसे आपल्या धड्यांइतकी सरळ रेषेत उभी नव्हती. टिळक-आगरकरांवर खटला चालला तेव्हा जामिनासाठी फुल्यांचे सहकारी रामशेठ उरवणे उभे राहिले, आणि ते दोघे सुटून आले तेव्हा त्यांच्या स्वागतात सत्यशोधक मंडळी होती. ज्यांच्याशी मतभेद होते त्यांच्या तुरुंगवासाला फुल्यांनी आपला मानले.

पुढे १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी कॉलेज निघाले. सरकारी हुकुमाबाहेर राहू पाहणाऱ्या या मंडळींनी कॉलेजाला नाव दिले मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराचे, फर्ग्युसन. यात कोणाला ढोंग दिसेल. मला व्यवहार दिसतो. ग्रँट, मान्यता, जागा यांसाठी साहेबाच्या दारात जावे लागे आणि वर्गात मात्र साहेबाच्या राज्याचा हिशेब मांडायचा, ही कसरत त्या पिढीने आयुष्यभर केली. शिक्षण संस्था चालवलेल्या आपल्या गुरुजनांना ही कसरत मी समजावून सांगायला नको. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले तेही एका शिक्षणसंस्थेच्या इमारतीत. ते पुण्यात भरायचे होते, पण पटकीची साथ आली म्हणून मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवले. प्रतिनिधी होते ७२.

सोसायटीतली भांडणेही त्या शाळेच्या कीर्तीइतकीच मोठी. आजीव सदस्याने बाहेर किती कमवावे, पगार वाढवावा की नाही, संस्थेचे काम सोडून दुसरीकडे वेळ द्यावा का? गोपाळ कृष्ण गोखले नावाचा तरुण शिक्षक तोपर्यंत येऊन मिळाला होता. त्याने सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घ्यावे की नाही यावर वाद झाला आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. देशाच्या इतिहासातले जहाल आणि मवाळ हे दोन पंथ म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातला तक्ता. त्या तक्त्याची पहिली रेघ शिक्षकांच्या खोलीत, पगार आणि वेळापत्रकाच्या वादात ओढली गेली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. अर्थात मूळ मतभेद त्याहून खोल होता. आगरकर १८८७ सालीच 'केसरी' सोडून गेले होते आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला होता. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रीशिक्षण हे प्रश्न परके राज्य जाईपर्यंत थांबवून ठेवायला ते तयार नव्हते. टिळकांचे म्हणणे, परक्या सरकारच्या कायद्याने आपले घर सुधारायचे नाही. १८८४ साली रानडे, भांडारकर आदींनी मुलींचे हायस्कूल काढले, तेच आज हुजूरपागा म्हणून ओळखतात. तेथील मुलींना इंग्रजी उच्च शिक्षण देण्यावर टिळकांच्या पत्रांतून टीका होत राहिली. आपल्या वर्गातल्या मुलींपैकी किती जणी पुढे शिक्षिका, डॉक्टर, बँक अधिकारी झाल्या ते पाहता या एका बाबतीत माझे मत आगरकरांच्या बाजूने पडते. टिळकांबद्दलचा आदर त्याने कमी होत नाही.

१८९३ नंतरचे गणेशोत्सव, रायगडावरचा १८९६ चा शिवाजी उत्सव, प्लेग, रँडचा खून, टिळकांची १८९७ ची शिक्षा हे सगळे आपल्याला तपशीलवार शिकवले होते, म्हणून पुढे जातो. एवढेच नोंदवतो की शिवाजी महाराजांवर फुल्यांनी पोवाडा लिहिला तो १८६९ साली, रायगडच्या उत्सवाच्या सत्तावीस वर्षे आधी. त्यांचा राजा कुळवाड्यांचा, शेतकऱ्यांचा होता.

शाळा आणि राजकारण यांची खरी टक्कर झाली १९०५ मध्ये. बंगालच्या फाळणीविरुद्ध स्वदेशीची चळवळ पेटली होती. ७ ऑक्टोबरला पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. त्यात पुढाकार होता फर्ग्युसनमध्ये शिकणाऱ्या विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याचा. कॉलेजने त्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. प्राचार्य कोण, तर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, याच कॉलेजचे जुने विद्यार्थी, केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. म्हणजे ज्या संस्थेची पायाभरणी टिळकांनी केली तिच्यातच देशभक्तीबद्दल दंड झाला. 'केसरी'ने झोडपून काढले.

या प्रसंगात प्राचार्यांना खलनायक करणे सोपे आहे. पण त्यांच्या खुर्चीत बसून पाहा. बंगालमध्ये त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून राजकारणात उतरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शाळांचे अनुदान आणि मान्यता काढून घेण्याची धमकी दिली होती. १९०७ साली रिस्ले परिपत्रकाने तोच फास सगळ्या देशातल्या शाळा-कॉलेजांभोवती टाकला. एका मुलाला दंड करायचा की शेकडो मुलांचे कॉलेज पणाला लावायचे? परांजप्यांनी दिलेले उत्तर मला पटत नाही, पण प्रश्न खोटा नव्हता.

हा प्रश्नच नको म्हणून काहींनी सरकारशी संबंध पूर्ण तोडलेली राष्ट्रीय शाळा काढून पाहिली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवलेले विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ साली समर्थ विद्यालय उभे केले, ते पुढे तळेगावला आले. शिक्षण मराठीतून आणि पुस्तकी विद्येबरोबर हाताला काम. तळेगावलाच पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली सुरू झाला. अंताजी दामोदर काळे या माणसाने गावोगाव फिरून लोकांकडून एकेक पैसा गोळा केला होता, त्या पैशातून. विद्यालयाचा शेवट लवकर झाला. 'विश्ववृत्त' मासिकातल्या एका लेखाबद्दल विजापूरकरांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना शिक्षा झाली आणि १९१० साली सरकारने विद्यालय बंद पाडले. त्या चार वर्षांत तिथे शिकलेल्या मुलांना ना मॅट्रिकचे प्रमाणपत्र मिळाले ना सरकारी नोकरी. 'राष्ट्रीय शिक्षण' या दोन शब्दांची किंमत त्यांच्या घरांनी मोजली. पुस्तकात त्यांच्यावर ओळ नाही.

आणि आता गोखले. गणिताचे हे मास्तर, ज्यांचे अंकगणित शाळांतून कित्येक वर्षे चालले, १९११ च्या मार्चमध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक घेऊन उभे राहिले. मागणी अगदी बेताची होती. ज्या स्थानिक संस्थांची तयारी असेल त्यांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा द्यावी, इतकेच. फुल्यांनी पुण्याहून मागितले ते एकोणतीस वर्षांनी कलकत्त्याच्या सभागृहात, ब्राह्मण मवाळ पुढाऱ्याच्या तोंडून, पुष्कळ पातळ होऊन मागितले जात होते. गोखल्यांनी त्यासाठी देशभर मते गोळा केली, आकडे जमवले, परदेशांचे दाखले दिले. सरकारने पैशाची अडचण सांगितली, लोकांकडून मागणी नाही असेही सांगितले. विधेयक आज फेटाळले जाणार हे आपल्याला माहीत आहे, असे गोखल्यांनी त्या चर्चेत स्वतःच बोलून दाखवले. १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोधी मते सगळी इंग्रजांची नव्हती.

गोखले १९१५ साली गेले. दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. सरकारला जे परवडत नव्हते ते एका संस्थानाने करून दाखवले. १९१९ साली कराडजवळ काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. आपल्या भागातल्या निम्म्याअधिक मास्तरांची नावे पुढे याच परंपरेतून आली, आपल्या शाळेतल्या तिघा गुरुजींचीही. ते स्वतः वसतिगृहात भाकरी थापून शिकले होते, हे त्यांनीच आपल्याला सांगितले होते.

देशाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क घटनादुरुस्तीने २००२ साली मिळाला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्या दिवशी मी नोकरीत होतो. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचे कागद पुढे आमच्याही टेबलावर आले. वीटभट्ट्या, ऊसतोडीचे फड, पुलाखालची पाले अशी ठिकाणे त्यात लिहिलेली होती आणि पुढच्या रकान्यात मुलांची नावे.